थोरलीच्या कडेवरचं बाळ

मिरचीचा हंगाम आला की आपल्या धर्माबादेत बायांचे हात देठ खुडण्यात गुंततात. मग धाकटं लेकरू कुणाकडं? थोरलीकडं. अन् थोरलीची शाळा बुडते. आमच्या गटातही अशाच शाळा बुडालेल्या थोरल्या आहेत. वहीवर सही करायची वेळ आली की ते आठवतं.

ही गाठ फार आधी दोघी बायांनी सोडवायला घेतली होती. ताराबाई मोडकांनी १९२६ साली गिजुभाई बधेकांबरोबर नूतन बालशिक्षण संघ काढला. पण शहरातल्या बालमंदिराची महाग साधनं खेड्याला कुठून परवडणार? म्हणून १९४५ साली त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. सोबत अनुताई वाघ. अनुताईंचं लग्न तेराव्या वर्षी झालं आणि काही महिन्यांतच कुंकू पुसलं गेलं. तरी त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या. तेव्हा आपल्याकडं निजामाचं राज्य होतं, वरच्या वर्गांत उर्दू. मराठी बोलणाऱ्या घरातल्या पोरींना शाळा लांबच.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण गरीब वस्तीतली लेकरं येईनात. मग या दोघीच वस्तीत गेल्या. कुणाच्या तरी अंगणात लेकरं जमवायची, न्हाऊ-माखू घालायचं, खडे, बिया, शिंपले घेऊन मोजायला शिकवायचं. तीच अंगणवाडी! साहेबाच्या टेबलावर नाही जन्मली ती.

१९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांजवळ गेलं. तिथं पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी ठेवली. नाव विकासवाडी. थोरलीनं बाळ पाळण्यात ठेवायचं अन् स्वतः वर्गात बसायचं. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी तर शाळाच कुरणात नेली.

ताराबाई १९७३ साली गेल्या. २ ऑक्टोबर १९७५ ला सरकारनं देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, त्यात आपल्या मेळघाटातलं धारणी होतं. अंगणवाडी गावोगाव आली. खिचडी आली, लसीची नोंद आली. ताईला मात्र अजून पगार नाही, 'मानधन' म्हणतात, हे आम्हाला खटकतंच.

अन् पाळणा? तो कोसबाडलाच राहिला म्हणायचा. अंगणवाडी काही तासांची, तीन वर्षांखालचं लेकरू दिवसभर तिथं ठेवता येत नाही. मजुरी तर सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. येत्या ग्रामसभेत आमचा गट पाळणाघराचा विषय मांडणार आहे, मिरची बाजारात यायच्या आधीच.