रोहिणखेडहून महाजालाच्या बाजारात
घरगुती उद्योगासाठी संकेतस्थळ, जाहिरात आणि हिशेब यांची तोंडओळख

बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातील रोहिणखेड हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी वसलेल्या या गावाजवळ १४३७ मध्ये खानदेश आणि बहामनी यांच्या, तर १५९० च्या सुमारास अहमदनगरच्या गादीसाठी झगडणाऱ्या दोन पक्षांच्या फौजा एकमेकींना भिडल्या. १५८२ मध्ये खुदावंदखानाने बांधलेली देखणी मशीद गावात आहे. पुढे काळ बदलला. रेल्वे आली ती मलकापूरवरून, आणि मोठी बाजारपेठही तिकडेच वाढली. रूळ आणि महामार्ग ज्यांना टाळून पुढे गेले, अशा गावांतील घरगुती उद्योगांना महाजालाचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. उन्हाळ्यात केलेले पापड, कुरडया, शेवया किंवा घरी कुटलेले तिखट थेट पुण्या-मुंबईच्या ग्राहकाच्या हाती पडावे, मध्ये कोणी दलाल नसावा, ही कल्पना आज अशक्य राहिलेली नाही. दुकान थाटणे तर पूर्वी कधीही नव्हते इतके सोपे झाले आहे. मात्र हे दुकान थाटल्यानंतर पहिल्या काही महिन्यांत जाहिरातीवर जो पैसा जातो, त्यातच अनेकांचे तुटपुंजे भांडवल संपते. म्हणूनच या व्यवसायाचे शिक्षण संगणकापासून नव्हे, हिशेबापासून सुरू व्हायला हवे.

दूरच्या ग्राहकाची जुनी परंपरा

न पाहिलेल्या ग्राहकाला माल विकणे मराठी माणसाला नवे नाही. टपाल खात्याने १८७७ मध्ये व्ही.पी.पी.ची सोय सुरू केली. पार्सल हाती घेताना पोस्टमनकडे पैसे द्यायचे, आणि खात्याने ते विक्रेत्याकडे पोहोचवायचे, अशी ही पद्धत होती. पुस्तकांपासून औषधांपर्यंत कितीतरी वस्तू अशा रीतीने खेडोपाडी गेल्या. आजची ‘माल मिळाल्यावर पैसे’ ही सवलत तिचीच धाकटी बहीण होय. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये औंध संस्थानातील माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगराचा कारखाना तेथे उभारला. शेतकऱ्यांशी संपर्क राहावा म्हणून या कारखान्यातर्फे १९२० पासून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले, आणि पुढे त्याचेच एक नामवंत मराठी मासिक झाले. आडबाजूच्या जागेहून व्यापार करायचा तर ग्राहकाशी सतत बोलत राहिले पाहिजे, हे या कारखान्याने ओळखले होते.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. २००० मध्ये मुंबईत सुरू झालेले ‘बाझी डॉट कॉम’ हे खरेदी-विक्रीचे संकेतस्थळ २००४ मध्ये ‘ईबे’ने विकत घेतले. २००७ मध्ये ‘फ्लिपकार्ट’ आले, २०१३ मध्ये ‘अ‍ॅमेझॉन’ने भारतात दुकान उघडले. २०१६ मध्ये ‘यूपीआय’ सुरू झाल्यावर पैसे घेण्यासाठी यंत्राची किंवा कार्डाची गरज उरली नाही. दुकान, गल्ला आणि टपाल या तिन्ही गोष्टी अशा रीतीने एका मोबाइलमध्ये आल्या.

दुकानाचे तीन प्रकार

नव्या उद्योजकासमोर सर्वसाधारणपणे तीन मार्ग असतात. पहिला मार्ग मोठ्या बाजारपेठ-संकेतस्थळावर विक्रेता म्हणून नाव नोंदविण्याचा. तेथे ग्राहक आयता मिळतो, परंतु कमिशन द्यावे लागते आणि ग्राहकाची ओळख त्या कंपनीकडेच राहते. राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने, म्हणजेच ‘उमेद’ने, बचत गटांच्या उत्पादनांसाठी ‘उमेदमार्ट’ हे संकेतस्थळ चालविले आहे. गटात काम करणाऱ्या महिलांनी त्याची चौकशी आधी करावी.

दुसरा मार्ग ‘व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस’चा. २०१८ मध्ये भारतात आलेल्या या सुविधेत मालाची छायाचित्रे, वजन आणि किंमत यांची यादी लावता येते. खर्च जवळजवळ नाही. पन्नास-शंभर ग्राहकांपर्यंत हा मार्ग पुरेसा आहे.

तिसरा मार्ग स्वतःच्या संकेतस्थळाचा. त्यासाठी आधी नाव, म्हणजे ‘डोमेन’, नोंदवावे लागते. २०१४ पासून ‘.भारत’ या देवनागरी नावाचीही सोय आहे. येथे एक खबरदारी अत्यावश्यक आहे. हे नाव उद्योजकाच्या स्वतःच्या नावे आणि स्वतःच्या ई-मेलवर नोंदलेले असावे. संकेतस्थळ बनवून देणाऱ्याच्या नावे ते राहिले, तर पुढे वाद झाल्यास दुकानाची पाटीच दुसऱ्याच्या मालकीची असल्याचे लक्षात येते. नोंदणीचे ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावे लागते, हेही विसरू नये.

गावाच्या नावाचा प्रश्नही येथे येतो. रोहिणखेड हे नाव जुन्या नोंदींत ‘रोहणखेड’ असे आढळते आणि रोमन लिपीत तर ते अनेक प्रकारे लिहिले जाते. शोधयंत्राला ही वेगवेगळी गावे वाटू शकतात. म्हणून पाकिटावर, संकेतस्थळावर आणि ‘गुगल’च्या नकाशावरील नोंदीत एकच लेखन ठेवावे, आणि दुसऱ्या लेखनाचा उल्लेख माहितीच्या पानावर एकदा करावा.

कागदपत्रे आणि कायदा

लघुउद्योगासाठीची ‘उद्यम’ नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे. ती सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते. तिच्यासाठी शुल्क मागणारी संकेतस्थळे सरकारी नव्हेत. खाद्यपदार्थ विकायचे असल्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे नोंदणी हवी. अगदी लहान उत्पादकाला पूर्ण परवान्याऐवजी साधी नोंदणी पुरते, आणि तिचा चौदा अंकी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. वजनमापाच्या २०११ च्या नियमांनुसार उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, कमाल किंमत, उत्पादनाचा महिना व वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क हे पाकिटावर हवेच. त्यातील बहुतेक तपशील संकेतस्थळावरही दाखवावे लागतात.

वस्तू व सेवा कराची बाब थोडी गुंतागुंतीची आहे. महाराष्ट्रात केवळ वस्तू विकणाऱ्याला वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांच्या आत असेपर्यंत सर्वसाधारणपणे नोंदणी लागत नाही. बाजारपेठ-संकेतस्थळावरून विकणाऱ्याला मात्र पूर्वी उलाढाल कितीही असली तरी नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून ही अट शिथिल झाली. आता नोंदणीकृत नसलेला छोटा विक्रेता करविभागाच्या संकेतस्थळावरून नावनोंदणी क्रमांक घेऊन अशा संकेतस्थळांवर विकू शकतो, परंतु केवळ स्वतःच्या राज्यात. परिणामी रोहिणखेडच्या तिखटाचे पाकीट शेकडो किलोमीटरवरच्या मुंबईला जाऊ शकते, पण शेजारच्या बऱ्हाणपूरला नाही, कारण ते मध्य प्रदेशात आहे. पापडासारख्या करमाफ वस्तूंचे नियम वेगळे आहेत. तेव्हा आपला माल कोणत्या वर्गात मोडतो, हे कर सल्लागाराकडून एकदा लेखी समजून घ्यावे.

पार्सलचे गणित

नवशिक्याचा सर्वांत मोठा अंदाज चुकतो तो पाठवणीच्या खर्चात. कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन यांपैकी जे अधिक, त्यावर आकारणी करतात. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार करावयाचा आणि त्याला ५००० ने भागावयाचे, हे त्याचे प्रचलित सूत्र. कुरडया वजनाला हलक्या, पण जागा भरपूर घेतात. ३० बाय २५ बाय २० सेंटिमीटरच्या खोक्यात अर्धा किलो कुरडया ठेवल्या, तरी आकार लागतो तीन किलोंचा. याउलट एक किलो तिखट लहानशा पाकिटात मावते. त्यामुळे घरात जी वस्तू सर्वांत उत्तम होते तीच आधी विकावी, असे नाही. जी वस्तू टिकते, फुटत नाही आणि थोड्या जागेत मावते, तिच्यापासून आरंभ करणे शहाणपणाचे. कुरिअरची सेवा जेथे पोहोचत नाही, तेथे टपाल खात्याची पार्सल सेवा उपयोगी पडते. दोन्हींचे दर आधी विचारून घ्यावेत.

‘माल मिळाल्यावर पैसे’ ही सवलत ग्राहकाला सोयीची असते. मात्र त्याने पार्सल नाकारले तर जाण्याचा आणि येण्याचा असा दुहेरी खर्च विक्रेत्यावर पडतो. त्यामुळे सुरुवातीस आगाऊ पैसे घेणेच बरे.

जाहिरात कोठे, किती?

‘गुगल’ने जाहिरातींची आपली योजना ऑक्टोबर २००० मध्ये सुरू केली. तीत शोधशब्दांचा जणू लिलाव होतो. जाहिरातीवर कोणी क्लिक केले तरच पैसे द्यावे लागतात, आणि जागा ठरवताना बोलीबरोबर जाहिरातीचा दर्जाही पाहिला जातो. ‘फेसबुक’ व ‘इन्स्टाग्राम’वर जाहिरात कोणत्या शहरात, कोणत्या वयोगटाला दिसावी, हे ठरवता येते आणि रोजच्या खर्चाला मर्यादा घालता येते.

ही सोय जितकी मोहक, तितकीच खर्चिक ठरू शकते. एक काल्पनिक हिशेब पाहू या. समजा, एका पार्सलची किंमत ४०० रुपये आहे. कच्चा माल व मजुरी २२०, वेष्टन २० आणि कुरिअर ९० रुपये धरले, तर हाती ७० रुपये राहतात. एका क्लिकला ४ रुपये पडले आणि शंभर जणांपैकी दोघांनीच खरेदी केली, तर एका ऑर्डरमागे जाहिरातीचा खर्च २०० रुपये होतो. म्हणजे प्रत्येक पार्सलमागे १३० रुपयांचा तोटा. विक्री जितकी वाढेल तितका हा तोटा वाढत जाईल, आणि ऑर्डरींच्या गर्दीत तो लक्षातही येणार नाही. परंतु त्याच ग्राहकाने विनाजाहिरात आणखी तीनदा माल मागविला, तर चार पार्सलांचे मिळून २८० रुपये सुटतात आणि जाहिरातीचे २०० वजा जाता ८० रुपये शिल्लक राहतात. जाहिरात फक्त पहिली ऑर्डर आणते. धंदा उभा राहतो तो दुसऱ्या ऑर्डरपासून.

त्यामुळे पैसे देऊन जाहिरात करण्यापूर्वी फुकटचे मार्ग संपवावेत. गावातील कितीतरी कुटुंबांची मुले-मुली नोकरीनिमित्त शहरांत स्थायिक झालेली असतात. त्यांच्या सोसायट्या आणि कार्यालये ही पहिली बाजारपेठ होय. ‘गुगल’च्या नकाशावर व्यवसायाची नोंद विनामूल्य करता येते. मालाचे छायाचित्र दिवसाच्या उजेडात, साध्या पार्श्वभूमीवर घ्यावे आणि पाकिटाचा खरा आकार समजेल असे असावे. वाळवणाचा हंगाम चैत्र-वैशाखाचा असला तरी मागणी सणासुदीला वाढते. साठा संपत आला असताना जाहिरात चालू ठेवणे म्हणजे ग्राहकाला नकार देण्यासाठी पैसे मोजणे होय. आणि सशुल्क जाहिरात केलीच, तर एका शहरापुरती, थोड्या रकमेची करावी. ती किती जणांना आवडली यापेक्षा किती ऑर्डरी आल्या आणि त्यांतील किती जण परत आले, याची नोंद वहीत ठेवावी.

शब्दांची जबाबदारी

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मधुमेह किंवा अन्य विकार बरे करण्याचा दावा करणाऱ्या औषधी जाहिरातींना तर १९५४ च्या कायद्यानेच मनाई आहे. ‘साखर मुळापासून बरी करणारे पीठ’ असे लिहिण्याचा मोह म्हणूनच टाळावा. २०२० च्या ई-व्यापार नियमांनुसार विक्रेत्याने स्वतःच ग्राहक असल्याचे भासवून अभिप्राय लिहिता येत नाही, सदोष माल परत घेण्यास नकार देता येत नाही, आणि तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते.

विक्रेत्याचीही फसवणूक होते. ‘पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका’ असे सांगणारा ग्राहक नव्हे, ठग असतो. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पैसे भरल्याचे छायाचित्र पाहून माल पाठवू नये, बँक खात्यात रक्कम जमा झाल्याची खात्री करावी. फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी.

शिकावे कोठे?

बँकांनी चालविलेल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांत विनामूल्य निवासी प्रशिक्षण मिळते. १९८८ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्रही उद्योजकांसाठी वर्ग घेते. मात्र चवीतले सातत्य कोणताही वर्ग शिकवू शकत नाही. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटले, तेव्हा पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली. पुढे त्यांच्या उद्योगाचे ‘लिज्जत’ हे नाव देशभर पोहोचले, ते प्रत्येक पाकिटातील पापडाची चव सारखी राहिली म्हणून. रोहिणखेडहून पहिले पार्सल पाठवणाऱ्यानेही खोके बंद करण्यापूर्वी एवढेच पाहावे, की पुढच्या महिन्यात त्याच ग्राहकाला हाच माल, याच चवीचा, याच भावात देता येईल ना? त्याचे उत्तर होकारार्थी असेल, तर जाहिरातीवर पहिला रुपया खर्च करण्यास हरकत नाही.