हत्यारावरील उजेडाची कुळकथा

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत तिसरी पाळी आत गेली आणि रस्त्यावरील मालमोटारींचा ओघ ओसरला, म्हणजे कारखान्यांच्या कुंपणाकडेने एक पांढरा ठिपका हलत जाताना दिसतो. हातात तो घेऊन चालणारा पहारेकरी त्याला टॉर्च म्हणत नाही, विजेरीही म्हणत नाही. तो म्हणतो ‘बॅटरी’. सेल ज्या नळीत घालायचे त्या नळीलाच सेलांचे नाव मिळाले, एवढा तर्क कोणीही करील. परंतु या शब्दाचे कूळ धुंडाळीत मागे गेले तर ते थेट तोफखान्यात निघते. फ्रेंचांच्या भाषेत हा शब्द मारा करणाऱ्या तोफांच्या रांगेचा. बेंजामिन फ्रँकलिनने १७४९ च्या सुमारास विजेचा साठा करणाऱ्या काचेच्या बरण्या एकीला एक जोडल्या आणि त्या रांगेला तोफांच्या रांगेचे नाव दिले. हत्याराकडून उजेडाकडे आलेला हा शब्द आज पिस्तुलाच्या नळीखाली दिवा होऊन पुन्हा हत्याराला चिकटला आहे.

हा विषय मनात घोळू लागण्याचे निमित्त असे की, वसाहतीतील एका कारखानदार स्नेह्याने, ज्यांच्यापाशी जिल्हाधिकाऱ्यांचा रीतसर परवाना असलेले हत्यार आहे, मला सहज विचारले की पिस्तुलावर बसवायचा दिवा घ्यावा तर कोणता घ्यावा. उत्तर देण्यापूर्वी त्या दिव्याचे कूळ पाहणे मला अगत्याचे वाटले.

बंदुकीवरचा पहिला उजेड हा बंदूकवाल्याचा मित्र नव्हता, वैरी होता. तोड्याच्या बंदुकीला बत्ती देण्यासाठी जी जामगी सतत धुमसत ठेवावी लागे, तिचे लाल टोक अंधारात लांबून दिसे; म्हणजे त्या उजेडाने समोरचा गनीम दिसत नसे, उलट आपलाच ठाव त्याला लागे. म्हणून उजेडाचे काम निराळ्या असामीकडे असे. मशालजी, दिवट्या, हिलालकरी हे त्या कामाचे मानकरी. शस्त्र एकाच्या हाती आणि प्रकाश दुसऱ्याच्या. गोंधळ्याच्या हातातील दिवटी ज्यांनी जवळून पाहिली असेल, त्यांना ठाऊक आहे की पेटत्या चिंध्यांवर बुधलीतून तेलाची धार सोडीत राहावे लागते, आणि एवढ्या खटाटोपात तिसऱ्या कामास हात उरत नाही. ज्यांना झडप घालावयाची त्यांनी तर उजेड वर्ज्यच मानला: १६७३ च्या मार्चमध्ये शिवाजी महाराजांचा कोंडाजी फर्जंद निवडक साठ गडी घेऊन रात्री पन्हाळ्यास चढला, तेव्हा काळोख आणि कर्ण्यांचा आवाज हीच त्याची मोठी हत्यारे होती.

हे दोन हात एकत्र आणले ते कोरड्या सेलाने. १८६६ मध्ये लक्लांशेने बनविलेला सेल ओला होता, उपडा केला तर सांडे. गास्नरने १८८० नंतरच्या दशकात तो कोरडा केला, आणि १० जानेवारी १८९९ रोजी डेव्हिड मिसेल या इंग्रज कारागिराला न्यूयॉर्कमध्ये नळीच्या आकाराच्या हातदिव्याचे पेटंट मिळाले. त्या काळचे सेल दुबळे आणि दिव्यातील कार्बनची तार खादाड. उजेड क्षणभर चमके आणि मंदावे, म्हणून इंग्रजीत त्याचे नावच ‘लखलखाट देणारा दिवा’ असे पडले.

आपल्या देशात बंदुकीवरील दिव्याची सर्वांत बोलकी साक्ष दिली आहे ती शिकारी जिम कॉर्बेट यांनी. २ मे १९२६ च्या रात्री रुद्रप्रयागजवळ गुलाबराईच्या यात्रामार्गावर, झाडावर बसून, बांधलेल्या बकरीची घंटा वाजताच त्यांनी रायफलीवरील विजेरीची कळ दाबली, नरभक्षक बिबट्याचा खांदा नेमात दिसला, गोळी सुटली आणि विजेरी विझली. विजेरी कित्येक महिने बरोबर वागविलेली होती, पण वापरण्याची वेळ आली नव्हती, त्यामुळे तिचे सेल किती टिकतील याचा अंदाज त्यांना नव्हता; आपल्या गोळीचे काय झाले हे न कळता त्यांना अंधारात बसून राहावे लागले. दिवा निवडणाऱ्याने हा प्रसंग प्रथम ध्यानात धरावा. दिव्याच्या खोक्यावर छापलेल्या आकड्यांपेक्षा त्यातील सेल कोणत्या तारखेला बदलला, हे अधिक मोलाचे आहे.

पिस्तुलाची गोष्ट पुष्कळ उशिरा घडली. दीर्घकाळ पोलीस उजव्या हातात पिस्तूल व डाव्या हातात विजेरी धरीत. १९७० नंतरच्या दशकात मायकेल हॅरिस याने दोन्ही मनगटे एकमेकांना टेकवून धरण्याची जी रीत रूढ केली ती आजही शिकविली जाते. पुढे १९९३ मध्ये जर्मनीच्या हेक्लर अँड कॉख कंपनीने यूएसपी नावाच्या पिस्तुलाच्या सांगाड्यातच दिव्यासाठी खाचा दिल्या, आणि १९९५ मध्ये अमेरिकी लष्कराने हत्यारावर दिवा वगैरे बसविण्याच्या, पिकॅटिनी शस्त्रागाराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खाचांच्या पट्टीचे माप कायम केले. पुण्याच्या एआरडीई या शस्त्रसंशोधन संस्थेने आणि महूच्या इन्फंट्री स्कूलने मिळून घडविलेले ‘अस्मी’ हे मशीन पिस्तूल २०२१ च्या जानेवारीत जाहीर झाले, त्याच्याही माथ्यावर तीच पट्टी आहे.

त्या पट्टीचा छेद मी कागदावर काढून व्हीएमसी हे कातकामाचे यंत्र चालविणाऱ्या एका परिचित कारागिराला दाखविला. त्याने तो उजेडाकडे धरला. “ह्ये तर डव्हटेल हाय की, सर,” तो म्हणाला. मग खाचेचे ५.२३ मिलिमीटर आणि खाचेपासून खाचेपर्यंतचे १०.०१ मिलिमीटर ही मापे वाचून क्षणभर थांबला. “धाला धा न्हाई. मूळ ड्रॉइंग इंचातलं असणार.” अनुमान अचूक होते. वर्षानुवर्षे ओतीव जॉबच्या मापांत वावरलेल्या डोळ्याला परक्या वस्तूचे कूळ असे एका दृष्टिक्षेपात ओळखता येते, याचा मला मनापासून अभिमान वाटला.

तेव्हा स्नेह्यांना सांगितले ते असे. आपल्याकडील परवान्यावरच्या .३२ रिव्हॉल्व्हरला बहुधा ही पट्टी नसते. ती नसेल तर प्रश्नच मिटतो. असेल तर तारेच्या दिव्याच्या वाटेस जाऊ नये, कारण बाराच्या धक्क्याने तार तुटते. एलईडीला तुटावयास तारच नाही. ल्युमेन म्हणजे एकूण प्रकाशाची बेरीज आणि कँडेला म्हणजे एका दिशेस एकवटलेली तीव्रता. पांढऱ्या भिंतींच्या खोलीत अतितीव्र झोत परतून आपलेच डोळे दिपवितो, तर फौंड्रीच्या धुरात आणि पावसाळी धुक्यात पसरट उजेड जागच्या जागी विरतो. कळ चाप ओढण्याच्या बोटाने दाबावी लागेल असा दिवा मुळीच घेऊ नये. दिव्यासह पिस्तूल मावेल असे म्यान निराळे घ्यावे लागते, हेही विसरू नये.

परंतु माझा खरा आग्रह या निवडीपूर्वीच्या गोष्टीचा होता. कोल्हापूरकराला पिस्तूल परके नाही. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत येथील राही सरनोबत हिने २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले तेव्हा या शहराचा ऊर भरून आला होता. मात्र तेथे लक्ष्य उजेडात असते आणि ते लक्ष्यच आहे याविषयी तिळमात्र संदेह नसतो. कुंपणापाशी रात्री काय हलले हे ठाऊक नसते. आणि दिवा पिस्तुलावरच असेल तर ते पाहण्यासाठी पिस्तूलच त्याच्यावर रोखावे लागते, म्हणजे ओळख पटण्याआधी नेम धरला जातो. मशालजी आणि बंदूकवाला हे दोघे असताना त्यांच्यामध्ये विचाराला जी उसंत मिळत असे, ती या एका पट्टीने काढून घेतली. म्हणून पिस्तुलावर दिवा असो वा नसो, डाव्या हातात साधी बॅटरी हवीच, आणि शोध तिनेच घ्यावयाचा, असे मी त्यांना निक्षून सांगितले.

बोलून निघालो तेव्हा फाटकावरचा वृद्ध पहारेकरी एकाएकी उठला. कुंपणालगतच्या गवतात काही खसखसले होते. काखेत काठी मारून त्याने बॅटरी मारली. झोतात एक पोरगा उभा, डब्याची पिशवी खांद्याला, डोळ्यांवर आडवा हात धरलेला.

“कोण रं?”

“मी हाय मामा, दुसऱ्या पाळीचा. गाडी चुकली.”

मामांनी झोत खाली घेतला आणि त्याच्या पायांपुढची वाट उजळीत त्याला फाटकापर्यंत आणले.