बोगारवेस

बेळगावात रिक्षावाल्याला ‘धर्मवीर संभाजी चौक’ सांगितलं तर तो नेतो, पण मान हलवताना स्वतःशी ‘बोगारवेस’ म्हणतोच. या एका नावात दोन भाषा शेजारी बसल्या आहेत. ‘बोगार’ कानडी: तांब्या-पितळेची भांडी घडवणारा, विकणारा. या धंद्यात जैन मंडळी पुष्कळ. आपल्याकडे त्याच कामाला कासार. तो शब्द संस्कृत ‘कांस्यकार’वरून, म्हणजे काशावरून आला. ‘वेस’ मात्र अस्सल मराठी. जवळच्या काकतीवेशीला काकती गावाचं नाव मिळालं, बोगारवेशीला धंद्याचं. बेळगावच्या मराठी माणसाने ‘कासारवेस’ असं भाषांतर करायची तसदी घेतली नाही, हे मला फार आवडतं. शेजाऱ्याचा शब्द उचलला, आपला जोडला, आणि लागला भांडी घासाघीस करून घ्यायला!

ती घासाघीस ऐकावी. “बरोबर भाव सांगा की वो,” असं गिऱ्हाईक मराठीत म्हणतं, दुकानदार पोऱ्याला कानडीत माल काढायला सांगतो, आणि शेजारी चोर्ला घाट चढून आलेलं गोव्याचं कुटुंब कोकणीत आपसांत हिशेब करत असतं. 1956 मध्ये राज्यांच्या सीमा बदलल्या, 2014 मध्ये शहर सरकारदरबारी ‘बेळगावी’ झालं. पाट्यांचे वाद अजून चालूच आहेत. ‘बोगारवेस’वर मात्र कुणी दावा ठोकलेला माझ्या ऐकिवात नाही, ठोकायचा तरी कोणत्या अर्ध्यावर?