जाताना पाच, येताना चार



मागच्या रविवारी भाचा नवी गिअरवाली सायकल दाखवायला रामबागेत आला होता. त्यांचा पंचवीस जणांचा ग्रुप आहे, सकाळी सकाळी बायपासवर जातात आणि परत येताना पोहे-जलेबी खातात. त्याने सहज विचारलं, "मामा, तुमच्या वेळी तुम्ही लोक एकटे चालवायचे की ग्रुपमध्ये?" मी म्हटलं, दोन्ही. तो गेल्यावर वाटलं, उत्तर एवढ्यात संपत नाही. म्हणून लिहायला बसलो. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आपल्या इंदूरच्या मराठी घरांत सायकल आली ती बहुतेक पोटापाण्यासाठी, हौस नंतरची. इथली पहिली कापड गिरणी होळकर दरबाराने एकोणिसाव्या शतकात काढली. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस-तीस वर्षांत मालवा मिल, हुकुमचंद, स्वदेशी, कल्याणमल, राजकुमार, भंडारी अशा गिरण्या उभ्या राहिल्या. त्या काळी सायकली विलायती, रॅले नाहीतर हंबर, म्हणजे वकील-डॉक्टरांच्या दारातल्या. १९५१ मध्ये सोनिपतला अ‍ॅटलस आणि १९५६ मध्ये लुधियान्याला हीरो निघाली, तेव्हा कुठे गिरणीतल्या माणसाच्या हाताला सायकल लागली. तीही हप्त्याने. आमच्या नानांची काळी अ‍ॅटलस अशीच आली. तिला हळद-कुंकू वाहून आजीने हँडलला लिंबू-मिरची बांधली होती.

नाना एका मिलमध्ये विणाई खात्यात होते. पहिल्या पाळीला अंधारातच निघायचे. कोपऱ्यावर सात-आठ जण जमायचे. त्यात मराठी होते, यूपीकडचे होते, दोन-तीन मालवी होते. सगळे आले की मग पेडल मारायचं. त्यांच्यात मागच्या चाळीतले एक काका होते. वर्षानुवर्षं कापसाची धूळ खाऊन त्यांना दम लागायचा. रेल्वे पुलाचा चढ आला की ते उतरून सायकल ढकलायचे. आणि ते उतरले की बाकीचे सगळेही उतरायचे. कुणी काही बोलायचं नाही, ठरवूनही काही केलेलं नव्हतं. भोंगा व्हायला पाच मिनिटं असली तरी पूल पायीच चढायचा. लहानपणी मला वाटायचं, त्या पुलावर सायकल चालवायला मनाई असेल!

आता माझी गोष्ट. १९७४ चा डिसेंबर, नाताळची सुट्टी. आम्ही कॉलेजातले पाच मित्र ओंकारेश्वरला सायकलने निघालो. जायला सत्तरच्या वर किलोमीटर. सिमरोलपर्यंत सपाट, मग भेरूघाट उतरायचा, चोरल ओलांडायची, पुढे बडवाह आणि मोरटक्क्याचा नर्मदेवरचा पूल. जाताना काय मजा आली म्हणून सांगू! घाटात सायकल सोडून दिली की कानात नुसता वारा. गाणी, एकमेकांना शिव्या, पैजा. समोरून वारा आला की एकाने पुढे व्हायचं, बाकीच्यांनी त्याच्या आडोशाने चालवायचं, तो थकला की दुसऱ्याने पुढे. सोबतीने सायकल चालवण्याचं सगळं सुख त्या एका दिवसात होतं. रात्री धर्मशाळेत झोपलो.

येताना मात्र तोच घाट चढायचा होता. मालव्याचं पठार नर्मदेच्या खोऱ्यापेक्षा साडेतीनशे मीटर तरी उंच आहे, हे भूगोलात वाचलं होतं, मांड्यांना त्या दिवशी कळलं. आमच्यातल्या एकाची सायकल भाड्याची होती. चढावर जोर दिला की तिची चेन निसटायची. दोनदा थांबलो, तिसऱ्यांदा चिडलो. चौथ्यांदा तो म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे, मी आलोच." दोघांच्या सायकलींना दिवे नव्हते, ऊन उतरत होतं. आम्ही झालो पुढे. सिमरोलला चहा प्यायलो, थोडी वाट पाहिली, आणि एकाने म्हटलं, "ट्रकमध्ये बसून येईल यार." बाकीच्यांना तेच ऐकायचं होतं.

आठच्या सुमारास गल्लीत शिरलो. त्याची आई ओट्यावर बसलेली. तिने आम्हाला मोजलं आणि विचारलं, "आणि हा कुठे?" चौघांपैकी कुणाच्याच तोंडून शब्द निघाला नाही.

नाना पाळी करून आलेले, जेवायला बसायचे होते. त्यांनी सदरा चढवला, डायनॅमो चाकाला लावून पाहिला आणि एकटेच निघाले. मी म्हटलं, मी येतो. तर म्हणाले, "तू झोप. दमला असशील."

रात्री एकच्या पुढे ते आले. मित्र मागे कॅरिअरवर, आणि त्याने एका हाताने शेजारी धरलेली ती भाड्याची सायकल. घाटात चेन तुटली होती. एका दूधवाल्याने त्याच्याबरोबर चालत घाट चढवला, आपल्या गावी नेऊन रोटी-चटणी खाऊ घातली आणि चेन तारेने बांधून दिली. ती तार सिमरोलच्या अलीकडे तुटली. तिथून तो पायी येत होता. नानांना भेटला तेव्हा सिमरोल मागे पडलं होतं.

सकाळी मला वाटलं, आता मार बसणार. नाना चहा पीत एवढंच म्हणाले, "जाताना पाच होतात ना रे? मग येतानाही पाचच यायला हवे होते."

पन्नास वर्षं झाली. मार केव्हाच विसरलो असतो.

त्या मित्राने नंतर आमच्याबरोबर लांब जाणं सोडलं. एकटा जायचा. महेश्वर, धार, मांडू, सगळं एकट्याने पाहिलं. आम्ही घोळक्याने जायचो तेव्हा आपसांत मराठीच बोलायचो, रस्ताही आपलाच, डबाही आपल्याच घरचा. गावं नुसती बाजूने निघून जायची. त्याला मात्र पाणी मागावं लागे, रस्ता विचारावा लागे, रात्री ओसरी मागावी लागे. आमच्यात सगळ्यात चांगली मालवी तोच बोलायला लागला. घाटातल्या त्या दूधवाल्याच्या मुलीच्या लग्नालाही तो जाऊन आला. आपली घरं पिढ्यान्‌पिढ्या या मुलखात आहेत, पण मुलूख ओळखीचा झाला तो अशा एकेकट्या फिरणाऱ्यांमुळे, असं मला वाटतं. एकदा मी स्वतःची समजूत घालावी म्हणून त्याला म्हटलं, "बघ, त्या दिवसामुळेच तुला हे सगळं मिळालं." तो हसला नाही. म्हणाला, "ते दूधवाल्याने दिलं. तुम्ही फक्त सोडून गेलात."

पुढे मी मुंबईच्या पारशी सायकलस्वारांबद्दल वाचलं. १५ ऑक्टोबर १९२३ ला मुंबईहून सहा तरुण पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. १९२८ च्या मार्चमध्ये एकाहत्तर हजार किलोमीटर करून परत आले ते तिघे: अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा. बाकीचे तिघे वाटेत वेगळे झाले. त्यांच्या मागोमाग १९२४ मध्ये फ्रामरोझ दावर निघाला तो एकटाच. व्हिएन्नात त्याला गुस्ताव्ह नावाचा एक ऑस्ट्रियन सायकलवाला भेटला, भाषा वेगळी, धर्म वेगळा. मग दोघांनी मिळून सहारा ओलांडलं, दक्षिण अमेरिका पाहिली आणि १९३१ मध्ये मुंबई गाठली. सहा जण निघून तिघे परतले आणि एकटा निघालेला दोघांनी परतला. तेव्हा कोण किती जणांनी निघालं यावरून सोबत ठरत नाही, एवढं त्यातून मला कळलं. तिकडे वाटेत जे वेगळे झाले त्यांची कारणं त्यांची होती. आमचं तसं नव्हतं. आम्हाला फक्त उशीर होत होता.

नव्वदच्या दशकात इंदूरच्या गिरण्या एकेक करून थंड झाल्या. नानांचीही मिल बंद पडली, देणी अडकली. ते दमेकरी काका त्याआधीच गेले होते. बाकीचे पांगले. कुणी गावी परतलं, कुणी रात्रीची चौकीदारी धरली. नाना मात्र रोज सकाळी त्याच वेळी उठायचे आणि सायकल काढायचे. आई म्हणायची, जाऊ दे, फिरून येऊ दे. एकदा मी स्कूटरवर त्यांच्या मागे गेलो. रेल्वे पुलाशी आले आणि ते सायकलवरून उतरले. हँडल धरून हळूहळू चढ चालू लागले. मी घाबरलो, पुढे जाऊन विचारलं, "नाना, दम लागतो का?"

"मला कुठे लागतो," म्हणाले, आणि चालत राहिले. वरती गेल्यावर थोडं थांबले, मागे पाहिलं आणि मग सायकलवर बसले.

भाच्याला फोन करून एवढंच सांगितलं. एकटा जा, घोळक्याने जा, दोन्ही कर. एकट्याने गेलास तर वाटेत माणसांशी बोल. घोळक्याने गेलास तर निघताना मोज आणि पोह्यांच्या दुकानाशी परत एकदा मोज.

तुमच्याही घरात अशी एखादी काळी सायकल असेल. तिच्याबरोबर कोण कोण जायचं, ते जरूर लिहा.