रणाकाठचे डोंगर

कच्छला डोंगर चढायला निघाले की आमच्या पुण्यातले ट्रेकर एकच प्रश्न विचारतात: तिथं चढण्यासारखं आहे काय? प्रश्न रास्तच आहे. कळसूबाई १,६४६ मीटर, आणि अख्ख्या कच्छमधला सर्वांत उंच काळो डुंगर ४६२ मीटर. धिणोधर तर चारशेलाही पोचत नाही. पण सह्याद्रीत आपण बहुतेक वेळा सहाशे-सातशे मीटरवरच्या गावातून चढायला लागतो. काळ्या डुंगराच्या पायाशी मात्र रण आहे, जवळजवळ समुद्रसपाटीला. तिथं डोंगराची उंची पायथ्याच्या पठारात बुडून जात नाही, सगळीच्या सगळी डोळ्यांना दिसते. माथ्यावर उभं राहिलं की उत्तरेला क्षितिजापर्यंत एकही उंचवटा नाही, नुसतं मीठ आणि चिखल.

मी आयुष्यभर भूगोल शिकवला. त्यामुळे असेल, पण या माथ्यांवर गेले की मला एकच गोष्ट दिसत राहते: कच्छच्या माणसानं आपल्या डोंगरांच्या कथा रचल्या त्या पाण्याविषयी. खाली असलेलं पाणी कुठं गेलं, कुणी नेलं, याची उत्तरं त्यानं वर चढून शोधली.

धिणोधर घ्या. नखत्राणा तालुक्यात हा डोंगर एकटाच उभा आहे. त्याच्या पायथ्याशी थान हे कानफाट्या नाथजोग्यांचं ठाणं. कथा धोरमनाथांची आहे. समुद्राकाठच्या एका पट्टणात त्यांच्या शिष्याला कुणी भिक्षा घातली नाही. एका गरीब बाईनं तेवढी भाकरी दिली. धोरमनाथांनी शाप दिला आणि पट्टण गडप झालं. मग पश्चात्ताप झाला म्हणून तपाला डोंगर शोधू लागले, तर पहिला डोंगर त्यांच्या पापाच्या भारानं खचला, दुसरा फुटला. तिसऱ्यावर, म्हणजे धिणोधरवर, ते पाठमोरे चढले आणि डोंगरानं त्यांना पेललं. बारा वर्षं ते डोक्यावर उभे राहिले. देवांनी तप थांबवायची विनवणी केली तेव्हा ते म्हणाले, माझी पहिली नजर जिथं पडेल ते जळून जाईल. माणसांची वस्ती वाचावी म्हणून त्यांनी समुद्राकडे पाहिलं. समुद्र आटला, त्याचं रण झालं.

१८३९ मध्ये लेफ्टनंट टॉमस पोस्टन्सनं ही कथा लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापली. पुढं १८७८ मध्ये दलपतराम प्राणजीवन खख्खर यांनी ‘इंडियन अँटिक्वेरी’त कानफाट्यांचा इतिहास लिहिला. मला त्यात सर्वांत भावते ती थानच्या मठाची अन्नदानाची रीत. येईल त्याला जेवू घालायचं, जात-धर्म विचारायचा नाही. ज्या कथेची सुरुवातच नाकारलेल्या भिक्षेनं होते, तिच्या वारसांनी हे व्रत घ्यावं, यात मला मोठा अर्थ दिसतो.

ही परंपरा आपल्याला परकी नाही. ज्ञानदेवांनी आपली गुरुपरंपरा निवृत्तिनाथ, गहिनीनाथ, गोरक्षनाथ अशी सांगितली आहे. ‘नवनाथ भक्तिसार’मध्येही एक धर्मनाथ आहेत, आणि महाराष्ट्रात माघ शुद्ध द्वितीयेला धर्मनाथ बीज होते. दोन्हीकडच्या कथा निराळ्या, पंथ एकच. खडकाचंही नातं आहे. धिणोधर म्हणजे जुन्या ज्वालामुखीच्या नळीत थिजलेला लाव्हा. ज्या काळात आपल्या दख्खनच्या पठाराचे थर साचले, त्याच काळातला, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. इथल्या काळ्या दगडात मधूनच हिरवट ऑलिविनचे गोळे सापडतात. ते पृथ्वीच्या प्रावरणातून लाव्ह्याबरोबर वर आलेले आहेत. वर्गात ‘प्रावरण’ हा शब्द मी कितीदा फळ्यावर लिहिला असेन. इथं त्यावर हात ठेवता येतो.

चढ फार नाही, पण ऊन अंगावर येतं. सावली देणारं झाड विरळाच. गुग्गुळाची काटेरी झुडपं, थोर, खाली सगळीकडे माजलेला गांडो बावळ, म्हणजे वेडी बाभूळ. पायथ्याच्या चहावाल्यानं मला दोनच प्रश्न विचारले होते: “बेन, पाणी घेतलंत? परत कधी येणार?” डोंगर किती उंच, वाट कशी, याबद्दल तो काही बोलला नाही. वाळवंटातल्या डोंगरासाठी तेवढेच प्रश्न खरे आहेत.

आता पाण्याच्या दुसऱ्या उत्तराकडे येते. ते इतिहासातलं आहे. सिंधूचा पूर्वेकडचा फाटा एके काळी कच्छच्या पश्चिम टोकाला पाणी देत असे. लखपतच्या मुलखात भात पिकत होता. १७६२ मध्ये सिंधचा गुलामशाह कल्होरो चालून आला आणि झारा इथल्या डोंगरावर कच्छी फौजेचा दारुण पराभव झाला. त्यानंतर त्यानं मोरा इथं नदीवर बांध घालून पाणी अडवलं. भातशेती संपली. माझ्या मते कच्छच्या इतिहासातला सर्वांत क्रूर घाव तलवारीचा नव्हता, या बांधाचा होता. लढाईतले मेलेले मोजता येतात; पाणी गेल्यानं गाव सोडून गेलेल्यांची नोंद कुणी ठेवत नाही.

तिसरं उत्तर भूकंपाचं. १६ जून १८१९ ला जमीन हादरली. रणात सिंद्रीचा किल्ला होता, त्याच्या भोवतीची जमीन खचली आणि तिथं पाणी भरलं. शिबंदीतली माणसं बुरुजावर चढून राहिली, दुसऱ्या दिवशी होडीतून सुटली. उत्तरेला मात्र जमीन उचलली गेली. सुमारे ऐंशी किलोमीटर लांब, काही ठिकाणी सहा मीटर उंच असा बांध नदीच्या वाटेत आडवा उभा राहिला. माणसानं घातलेला नाही, म्हणून लोकांनी त्याला अल्लाबंद म्हटलं. कंपनीचा अधिकारी अलेक्झांडर बर्न्स १८२७-२८ च्या सुमारास तिथं जाऊन आला, आणि भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायेलनं आपल्या ‘प्रिन्सिपल्स ऑफ जिऑलॉजी’त सिंद्रीचं उदाहरण घेतलं. डोळ्यांदेखत जमीन वर-खाली होते याचा पुरावा जगाला या रणानं दिला.

साधूची नजर, राजाचा बांध, धरणीचा हिसका: तिन्ही गोष्टी एकाच दुःखाच्या आहेत. कथेला भाकड म्हणून बाजूला सारणारे मला पटत नाहीत. रण खरोखरच समुद्राचा गाळानं भरलेला भाग आहे. ते कथेनं अभ्यासकांच्या आधी सांगितलं. कारण तेवढं स्वतःचं जोडलं.

काळ्या डुंगरावर दत्त आहे, म्हणून आपली माणसं गिरनार झाला की तिकडे वळतात. तिथं आरतीनंतर पुजारी प्रसादाचा भात ओट्यावर ठेवतो, “लोंग, लोंग” अशी हाक देतो आणि कोल्हे येतात. भुकेल्या कोल्ह्यांना दत्तात्रेयांनी स्वतःचं अंग देऊ केलं, अशी कथा आहे. इथंही डोंगरमाथ्यावर भुकेल्याला घास आहेच. या डोंगराचा खडक मात्र ज्युरासिक काळातला, कच्छच्या सर्वांत जुन्या उघड्या थरांपैकी, समुद्रकाठी साचलेला. आता गाडी देवळाजवळ जाते. लोक फोटो काढतात, खाली उतरतात. मला त्याचं वाईट वाटतं. चढून न गेलेल्याला रणाची सपाटी कळत नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच: कच्छला जाल तेव्हा आधी धिणोधर पायी चढा, काळो डुंगर नंतर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच महिने धरा, पहाटे निघा, माणशी तीन लिटर पाणी न्या. कोल्ह्यांना आपल्या हातानं फरसाण टाकू नका. आणि कच्छच्या खडकांत शंखाश्म दिसले तर ते तिथंच राहू द्या. इथं समुद्र होता, हे पुढच्या माणसालाही स्वतःच्या डोळ्यांनी पाहता आलं पाहिजे.