उस्मानसागर, हिमायतसागर आणि आदेश क्रमांक 111

28 सप्टेंबर 1908 रोजी मुसीच्या महापुरात हैदराबादेत हजारो माणसे दगावली. त्यानंतर सर विश्वेश्वरय्या यांच्या योजनेनुसार शहराच्या वरच्या अंगाला दोन तलाव झाले: मुसीवर उस्मानसागर (1920) व ईसी नदीवर हिमायतसागर (1927). हेतू दुहेरी होता. पूर थोपवायचा आणि शहराला पाणी पाजायचे.

या तलावांच्या रक्षणासाठी 8 मार्च 1996 रोजी आंध्र प्रदेश शासनाने आदेश क्रमांक 111 काढला. 10 किलोमीटरच्या पट्ट्यातील 84 गावांत प्रदूषणकारी उद्योग, मोठी हॉटेले व निवासी वसाहतींना मनाई झाली. डिसेंबर 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका तेल कारखान्याला शासनाने दिलेली सूटही अमान्य केली.

मात्र 2006 च्या नियमांनी शहरात चटईक्षेत्राची मर्यादा उठली. कोकापेटकडे मनोरेच मनोरे उभे राहिले. शेजारच्या 84 गावांतील शेतकऱ्यांना आपल्या जमिनीचा भाव गोठलेला दिसत होता. त्यांची तक्रार खोटी म्हणता येत नाही. शहराच्या पाण्याची किंमत त्यांनीच मोजली.

12 एप्रिल 2022 रोजी तेलंगणा शासनाने आदेश क्रमांक 69 द्वारे हे निर्बंध उठवले. युक्तिवाद असा की, शहर आता कृष्णा-गोदावरीचे पाणी पिते. येथे दुहेरी हेतूपैकी एकच लक्षात राहिला, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. ऑक्टोबर 2020 च्या अतिवृष्टीत हिमायतसागरचे दरवाजे उघडावे लागले होते, आणि ते पाणी मुसीच्या त्याच पात्रातून जुन्या शहराकडे गेले.