शेक्सपिअर : सक्तीचा पाठ की रंगमंचावरचा खेळ?

इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात ज्याचे नाव घेऊन सक्ती केलेली आहे असा लेखक एकच, विल्यम शेक्सपिअर. ११ ते १४ या वयोगटात त्याची दोन नाटके शिकवावी लागतात. पुढे जीसीएसईला इंग्रजी साहित्य घेणाऱ्यास आणखी एक नाटक अभ्यासावे लागते. नाटककाराच्या थोरवीविषयी शिक्षकांत फारसा वाद नाही. वाद आहे तो सक्तीचा आणि त्याहून अधिक परीक्षेचा.

सक्तीच्या बाजूच्या शिक्षकांचा मुद्दा सहज बाजूला सारण्यासारखा नाही. निवड शाळांवर सोपविली, तर सुखवस्तू घरांतील मुलांना शेक्सपिअर मिळेल आणि कामगार वस्तीतील मुलांना तो 'झेपणार नाही' असे ठरवून टाकले जाईल, ही त्यांची भीती. उलट ॲलन सिनफिल्ड यांच्यासारख्या अभ्यासकांनी १९८५ मध्येच शाळेतील शेक्सपिअरवर टीका केली होती. परीक्षेच्या चौकटीतून शिकविलेला शेक्सपिअर मुलांना प्रस्थापित व्यवस्थेत बसविण्याचे साधन ठरतो, असा त्यांच्या टीकेचा रोख होता.

ठिणगी पडली १९९३ मध्ये. १४ वर्षांच्या मुलांसाठी सरकारने आणलेल्या लेखी चाचणीत 'ज्युलियस सीझर', 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' आणि 'रोमिओ अँड ज्युलिएट' ही नाटके नेमली होती. इंग्रजीच्या शिक्षकांनी बहिष्कार पुकारला आणि संघटनाही त्यात उतरल्या. प्रकरण न्यायालयात गेले. मात्र तेथे कळीचा ठरला तो कामाच्या बोजाचा प्रश्न, साहित्याचा नव्हे! पुढे ही चाचणी रुळली खरी, पण नेमलेल्या प्रवेशांचीच घोकंपट्टी होते, अख्खे नाटक वाचलेच जात नाही, ही तक्रार कायम राहिली. ऑक्टोबर २००८ मध्ये चाचणी रद्द झाली.

त्याच वर्षी रॉयल शेक्सपिअर कंपनीने जाहीरनामा काढला. मुलांनी नाटक उभे राहून करावे, प्रत्यक्ष प्रयोग पाहावा आणि सुरुवात लहान वयात व्हावी, अशी त्यातील त्रिसूत्री होती. रेक्स गिब्सन हे शिक्षणतज्ज्ञ १९८६ पासून केंब्रिजमधून शिक्षकांना हेच सांगत होते. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. देवलांच्या 'झुंझारराव'मधून आपल्याकडे 'ऑथेल्लो' पोहोचला तो रंगमंचावरूनच.

२०१५ पासून शिकविल्या जाणाऱ्या नव्या जीसीएसईत मात्र परीक्षेला पुस्तक जवळ ठेवता येत नाही. त्यामुळे नाटकातील अवतरणे पाठ करून घेण्यातच तासिका खर्ची पडतात, अशी शिक्षकांची कुरकुर आहे.